शिबिराआधी गावाचं ऐका: कॅन्सरच्या तपासणीबद्दल लोकांच्या मनात काय आहे, ते कसं जाणून घ्यावं

बार्शी, परांडा, भूम या पट्ट्यात मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. आता नव्या आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सिंगच्या मुलींच्या प्रशिक्षणात बोलायला जाते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, तपासणी फुकट आहे, गावातच आहे, तरी बायका येत नाहीत. त्यांची मानसिकता कशी बदलायची?" मी विचारते, की ती मानसिकता काय आहे ते कुणी त्यांना विचारलंय का? बहुतेकींनी विचारलेलं नसतं. ज्यांनी विचारलेलं असतं त्यांनीही अशा घाईत, की समोरच्या बाईला खरं सांगायला जागाच उरत नाही.

हे काम शिकता येतं. त्याला मोठा निधी लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. एक वही, थोडे दिवस आणि गप्प बसून ऐकण्याची तयारी एवढं पुरतं. शिबिर घ्यायच्या आधी महिनाभर हे केलंत, तर शिबिराची तारीख, जागा, तपासणारी व्यक्ती, घोषणेतले शब्द, सगळं वेगळं ठरेल. मी जसं करत आले आणि मुलींना शिकवते, तसं सांगते.

आधी आपल्या मनातलं तपासा

"बायका अडाणी आहेत, लाजतात, नशिबावर सोडतात." आपल्या बैठकांमध्ये हे इतक्या सहज म्हटलं जातं, की त्याच्या पुढे कुणी विचारच करत नाही. असं म्हणणाऱ्यांना मी आमच्याच भागातली हकीकत सांगते. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. ज्या गटांमध्ये तपासणी ठेवली होती, तिथल्या जवळपास ८० टक्के बायका तपासून गेल्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, आणि तपासणी न झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. स्तनांची ०.९ टक्के, तोंडाचीही ०.९ टक्के. पुरुषांत तोंडाची तपासणी १.२ टक्के.

दुष्काळी जिल्ह्यातल्या, शेतात राबणाऱ्या, नवऱ्यापुढे डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायका दहात आठ आल्या. त्यांच्या दारात माणसं गेली होती, बसून बोलली होती आणि काही निघालं तर पुढच्या उपचारांची सोय होती. तेव्हा "मानसिकता" हा शब्द वापरण्याआधी आपण त्यातलं काय काय केलं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. हे पान पुढे फार उपयोगी पडतं.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

काहीच त्रास नसताना करायची तपासणी ही एक गोष्ट. त्रास सुरू झाल्यावर वेळ न घालवता दवाखान्यात जाणं ही दुसरी. आपण शिबिराच्या फलकावर दोन्ही एकत्र लिहितो, पण माणसाच्या मनात त्या दोहोंच्या आड येणारी कारणं निराळी असतात. धडधाकट बाई म्हणते, "मला काय धाड भरलीय?" छातीत गाठ लागलेली बाई म्हणते, "निघालं तर?" पहिलीला तपासणीची गरजच वाटत नाही. दुसरीला ती इतकी वाटते, की पाय उचलत नाही. एकाच प्रश्नावलीत दोघींना कोंबलं तर उत्तरांची खिचडी होते आणि त्यातून काहीच हाती लागत नाही.

त्रास झालेल्या माणसाशी किंवा त्याच्या घरच्यांशी बोलताना वेळ कुठे गेला ते तीन टप्प्यांत विचारा. त्रास जाणवल्यापासून पहिल्यांदा कुणाला सांगितलं तोवर किती दिवस गेले? सांगितल्यापासून पहिला दवाखाना गाठेपर्यंत किती? आणि पहिल्या दवाखान्यापासून तुकडा तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत किती? तिसऱ्या टप्प्याचं उत्तर ऐकताना पुष्कळदा माझा जीव तुटलाय. बाई वेळेत गेलेली असते. तिला मलम मिळतं, गोळ्या मिळतात, "साधी गाठ आहे" असं सांगून परत पाठवलं जातं आणि सहा महिन्यांनी ती फुटलेली गाठ घेऊन येते. तिच्या गावात मग "दवाखान्यात जाऊनही काय झालं?" हे मत पक्कं होतं. लोकांचा दृष्टिकोन दवाखान्यातही घडतो, हे विसरू नका.

कुणाशी बोलायचं

शिबिराला आलेल्यांचा अभिप्राय घेणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. त्या आल्याच आहेत. ज्या आल्या नाहीत त्यांच्याकडे जा. आशाताईकडे घरांची यादी असते, त्यातून वस्ती, जात, वय, काम यांची सरमिसळ होईल अशी नावं निवडा. नुसत्या रस्त्याकडेच्या घरांवर थांबू नका. गावाबाहेरच्या वस्तीवरची, तांड्यावरची, विहिरीच्या कामावर आलेली माणसं यादीत हवीत. विधवा, परित्यक्ता बायका तर मुद्दाम घ्या, कारण त्यांना वाटतं ही तपासणी "संसार असलेल्या" बायकांसाठी आहे.

सासूशी वेगळं बोला. नवऱ्याशी वेगळं. पुरुषांना आपण नेहमी "परवानगी देणारे" एवढ्याच भूमिकेत धरतो, पण तोंडाचा कॅन्सर त्यांचाच प्रश्न आहे. पारावर, चहाच्या हॉटेलात, दूध डेअरीवर सकाळी त्यांना गाठता येतं. गावातला खाजगी डॉक्टर आणि मेडिकलवाला यांच्याकडे जरूर जा. बायका पहिल्यांदा काय मागायला येतात, हे मेडिकलवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि आपल्याच लोकांना विचारा. आशाताई, मदतनीस, अंगणवाडी सेविका, तुम्ही स्वतः. तुमची तपासणी झालीय का? प्रशिक्षणात मी हे विचारते तेव्हा वर्ग शांत होतो. मग एकेक जण बोलते, आणि गावातल्या बायका जी कारणं देतात तीच कारणं निघतात: वेळ मिळाला नाही, त्रास नाही, ओळखीच्या सिस्टरपुढे कसं झोपायचं. ज्या आशाताईची स्वतःची तपासणी झालेली आहे, तिच्या सांगण्याला गावात वेगळंच वजन येतं.

किती जणांशी बोलायचं? टक्केवारी काढायची नसेल, तर एका प्रकारच्या दहा-बारा माणसांशी नीट बोललात की उत्तरं पुन्हा पुन्हा तीच येऊ लागतात. तिथे थांबा. मात्र एवढ्यावरून "गावातल्या साठ टक्के बायकांना असं वाटतं" असं अहवालात लिहू नका. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेली मोठी यादी लागते आणि त्याचं शास्त्र वेगळं.

कधी आणि कुठे

आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की निम्मी घरं कुलूपबंद होतात. त्या काळात केलेली पाहणी ही मागे राहिलेल्यांची पाहणी असते. ज्या बायकांना आजाराचा धोका जास्त आणि दवाखाना सगळ्यात लांब, त्या नेमक्या फडावर असतात. म्हणून एक फेरी टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात करा. पेरणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी या दिवसांत कुणाला बसवून ठेवू नका. नळाला पाणी येण्याची वेळ आधी विचारून घ्या. बचत गटाची बैठक आणि संक्रांतीचं हळदीकुंकू हे ओळख करून घ्यायला चांगले, पण खाजगी बोलायला नाहीत. चारचौघींत बायका सगळ्यांना मान्य असलेलंच बोलतात.

खरं बोलणं घरामागच्या ओट्यावर, शेळीला पाला घालताना, शेंगा फोडताना होतं. हातात काम असलं की नजर खाली राहते आणि जीभ मोकळी होते. तुम्हीही शेंगा फोडायला बसा. फाइल पिशवीत ठेवा. सासू तिथेच बसली असेल तर आज साधं बोला आणि पुन्हा या. सुरुवातीलाच सांगा, की कशासाठी विचारताय, नाव कुठे लिहिणार नाही, उत्तर द्यायचं नसेल तर राहू द्या. हे सांगताना तोंडपाठ म्हटल्यासारखं म्हणू नका. तिने "नको" म्हटलं तर उठा, चहा घेतला असेल तर कप विसळून ठेवा आणि पुढच्या घरी जा.

ज्या आजाराबद्दल तुम्ही विचारणार, त्याची तपासणी आणि पुढचा उपचार कुठे होतो हे तुम्हाला आधीच माहीत हवं. संदर्भ चिठ्ठी, दवाखान्याचा वार, एसटीची वेळ हे सगळं जवळ ठेवा. बोलता बोलता एखादी सांगते, "मला बी हिथं काखंत लागतंय काहीतरी." त्या क्षणी पाहणी संपली. वही मिटा आणि तिची व्यवस्था करा.

पहिला प्रश्न

माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: तुमच्या बघण्यात कुणाला हा आजार झाला होता का, आणि त्यांचं पुढे काय झालं? माहिती आहे का, लक्षणं कोणती, तपासणी करावी का, हे सगळं नंतर. परांडा तालुक्यातल्या एका आक्कांशी झालेलं बोलणं मी मुलींना जसंच्या तसं वाचून दाखवते.

"आक्का, तुमच्या बघण्यात कुणाला हे दुखणं झालं होतं का?"

"झालं की. नणंदेला."

"काय काय झालं त्यांना?"

"पाळी जाऊन पाच-सात वरीस झालेली, अन् परत अंगावर लाल दिसाय लागलं. तिला वाटलं पाळीच आली फिरून. कुणाला बोलली न्हाय. वास माराय लागला तवा सुनंनं वळखलं. मग दवाखाना केला, लाइट दिली. दोन एकर गेलं. अन् ती बी गेली."

"आता आपल्याकडं तपासणी हाय. यावंसं वाटतं का?"

"कशाला? झाकली मूठ हाय ती बरी. निघालं तर? माझं बी दोनच एकर हाय."

छापील फॉर्मवर या आक्कांसमोर आपण कुठे खूण केली असती? "जागरूकता नाही"? त्यांना पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव माहीत आहे, वास माहीत आहे, "लाइट" म्हणजे रेडिएशनचा उपचार माहीत आहे, त्याची किंमत तर एकरात माहीत आहे. डोळ्यांसमोर जे घडलं त्यावरून त्यांनी हिशेब मांडलाय, आणि त्यांच्यापुढे जेवढं आलं तेवढ्यावरून तो बरोबर आहे. त्यांनी पाहिली नाही ती एकच गोष्ट: लवकर सापडलं, थोडक्यात उपचार झाला आणि बाई पुढच्या हंगामात कामाला लागली.

म्हणून दुसरा प्रश्न लगेच विचारा: यातून बरं होऊन आलेलं कुणी पाहिलंय का? बहुतेक गावांत यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. बरी झालेली बाई गप्प बसते. मुलींची लग्नं व्हायची असतात, लोक ताटवाटी वेगळी ठेवतील अशी भीती असते, सून नोकरीवाल्या घरातली असते. गेलेल्याची गोष्ट मात्र गावभर होते. वर्षानुवर्षं असं चाललं की गावाला कॅन्सर म्हणजे फक्त मरण एवढंच दिसतं. "परळला टाटाला नेलंय" असं कुणाबद्दल ऐकलं की पारावरची माणसं मान हलवतात, कारण त्यांच्या माहितीतली माणसं तिथे फार उशिरा नेलेली असतात. या दोन प्रश्नांची उत्तरं एकाखाली एक लिहून बघा. लांबलचक प्रश्नावलीपेक्षा यातून जास्त कळतं.

पुढचे प्रश्न कसे घालायचे

"तपासणी केली पाहिजे असं तुम्हाला वाटतं का?" हा प्रश्न वाया जातो. आपल्या दारात आलेल्या ताईंचं मन मोडू नये म्हणून बाई "हो" म्हणणारच. तिच्याबद्दल न विचारता तिसरीबद्दल विचारा: "समजा पलीकडच्या गल्लीत एकीला छातीत गाठ लागली. दुखत नाही काही. ती आधी कुणाला सांगंल? किती दिवसांनी? सांगितल्यावर घरात काय होईल?" इथे बाई मोकळी होते, कारण ती पलीकडच्या गल्लीबद्दल बोलत असते.

मत विचारण्याऐवजी मागच्या वेळी काय केलं ते विचारा. "मागच्या वेळी अंगावरून पांढरं जात होतं तेव्हा काय केलंत?" या उत्तरात दवाखान्याचं नाव, खर्च, सोबत कोण आलं, डॉक्टर काय बोलले, सगळं आपसूक येतं.

लक्षणं विचारताना आधी मोकळं सोडा: "कशावरून ओळखायचं हे दुखणं?" ती आठवून सांगेल तेवढं लिहा. मगच यादी वाचा. इंग्लंडमध्ये लोकांची कॅन्सरबद्दलची जाणीव मोजायला "कॅन्सर अवेअरनेस मेझर" नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यातही असंच आहे, आधी न सुचवता आणि मग सुचवून. यादी वाचली की कुणीही "हो, हो" म्हणतं, म्हणून दोन्ही उत्तरं वेगळी ठेवायची. मात्र ती प्रश्नावली भाषांतर करून आणू नका. तिथल्या माणसाला त्याचा ठरलेला डॉक्टर असतो, आपल्या बाईला एसटी चुकली की दिवस जातो.

आपल्याकडची एक अडचण सांगते. "तंबाखू खाता का?" या प्रश्नावर बायका ठामपणे "नाही" म्हणतात आणि ते मनापासून असतं. मग विचारा, "दात कशानं घासता?" मिश्रीचा डबा बाहेर येतो. भाजलेली तंबाखूच ती. दिवसातून चार-चार वेळा हिरडीला लावून बसणाऱ्या बायका आहेत, सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणणाऱ्या आहेत. त्यांच्या दृष्टीने ते दंतमंजन, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचा फलक आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटतच नाही. तरुण पोरांना "गुटखा खाता का" म्हणून विचारलं तर गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असल्यामुळे ते सावध होतात. त्यांना विचारा, "तिखट लागतं का तोंडाला? तीन बोटं उभी जातात का तोंडात?" प्रयोग म्हणून हसत हसत घालून बघतात, आणि ज्याची जात नाहीत त्याचा चेहरा उतरतो, कारण गुटख्याने तोंड आखडत चाललंय हे त्याला कळतं. त्याला तिथेच चिठ्ठी द्या.

उत्तराच्या मागचं उत्तर

पहिलं उत्तर हे सहसा दार अर्धवट लावून घेण्यासारखं असतं. तिथून परतू नका, पण ढकलूही नका. "म्हणजे कसं?" एवढंच म्हणून थांबा.

"वेळ नाही" याचा अर्थ तोडीवर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो असा असू शकतो. शिवारात रोजाने जाणारीची तपासणी दुपारी ठेवली तर दिवसभराची मजुरी बुडते. तीच संध्याकाळी ठेवली तर "वेळ नाही" म्हणणाऱ्या कमी होतात. "नशिबात असेल ते होईल" हे मी असंख्य वेळा ऐकलंय. थोडं थांबलं की त्यापाठोपाठ पैशांचं बोलणं निघतं. ज्याच्यावर आपला काही इलाज चालत नाही त्याला माणूस नशीब म्हणतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, हे कितीजणींना ठाऊक आहे ते जरूर विचारा. आणि ठाऊक असलेल्यांना विचारा, की योजनेचं कार्ड घेऊन गेलेल्या कुणाला खिशातून किती घालावे लागले. प्रवास, मुक्काम, सोबत्याचं जेवण, बाहेरून आणलेली औषधं, याचा हिशेब लोक ठेवतात.

"तुकडा काढला की पसरतो." हे पुरुष जास्त बोलतात आणि फार खात्रीने बोलतात. वाद घालू नका. कुणाचं पाहिलं ते विचारा. बहुधा आजार आधीच वाढलेला असतो, तुकडा काढला, रिपोर्ट आला आणि महिन्याभरात माणूस खचला. पाहणाऱ्याने क्रम बरोबर पाहिलाय, कारण चुकीचं जोडलंय. हे त्याला समजावण्याची वेळ नंतर येईल. आज फक्त लिहून घ्या.

लाज हा विषय आपण एका शब्दात उरकतो. तिचे बारकावे विचारा. कशाची लाज? पुरुष डॉक्टरची? ओळखीच्या सिस्टरची? लुगडं सोडावं लागतं याची? की कुणी पाहील याची? एका उपकेंद्रात बायका तपासणीला तयार होऊनही परत जात होत्या. बोलल्यावर कळलं, की तपासणीच्या खोलीची खिडकी बाहेरच्या रांगेकडे उघडत होती आणि तिची एक काच फुटलेली होती. दाराला आतून कडी नव्हती. काचेच्या जागी पुठ्ठा, दाराला कडी, टेबलासमोर जाड पडदा, एवढं झालं आणि बायका थांबू लागल्या. मी प्रशिक्षणात सांगते, की त्या टेबलावर एकदा स्वतः झोपून बघा. तिथून दाराकडे, खिडकीकडे, छताकडे पाहा. मग लाज म्हणजे काय ते कळेल.

आता सगळ्यात अवघड भाग. मराठवाड्यात "कॅन्सर होईल" हे वाक्य बायकांनी आपल्या आधी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून गेलेल्या तिशीतल्या बाईला "पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगून ऑपरेशन केलेलं आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या प्रत्येकीच्या घरात, शेजारात, टोळीत हा अनुभव पोचलाय. कर्ज काढून ऑपरेशन झालं, पाठ धरली, चाळिशीच्या आत अंगाची काहिली सुरू झाली. अशा वस्तीत आपण "पिशवीच्या तोंडाची तपासणी" म्हणून जातो, तेव्हा बाईला ती ऑपरेशनची पहिली पायरी वाटते. तिचा संशय रास्त आहे. तिच्याकडून ते ऑपरेशन कसं ठरलं, कुणी सांगितलं, काय रिपोर्ट दाखवले, हे शांतपणे ऐकून घ्या. दवाखान्याचं नाव वहीत लिहू नका, तिला अडचणीत आणू नका. आणि मग स्पष्ट सांगा: या तपासणीत सौम्य व्हिनेगरसारखं औषध लावून मिनिटभर थांबून पाहतात. पांढरा डाग दिसला तरी तो कॅन्सर असेलच असं नाही, बहुतेकदा नसतो. लवकर सापडलेला डाग तिथल्या तिथे जाळून किंवा गोठवून टाकता येतो आणि पिशवी जागच्या जागी राहते. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर बायकांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो मी पुष्कळदा पाहिलाय.

पिशवी काढलेल्या बायका "आता आम्हाला काय धोका?" म्हणतात. ज्यांचं गर्भाशयमुखही काढलंय आणि कारण कॅन्सरचं नव्हतं, त्यांना त्या तपासणीची गरज सहसा नसते. पण ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढलं हे पुष्कळजणींना सांगितलेलंच नसतं. कागद असतील तर ते सोबत आणायला सांगा. स्तनांची आणि तोंडाची तपासणी त्यांनाही लागतेच.

वहीत काय लिहायचं

डाव्या पानावर बाईचे शब्द, तिच्याच बोलीत. उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. दोन्ही मिसळू देऊ नका. "झाकली मूठ हाय ती बरी" याच्याऐवजी "रुग्णास भीती वाटते" असं लिहिलंत की दोन एकर हरवले. घरी येऊन त्याच दिवशी लिहून काढा. नाव, घर नंबर काही नको. वय, काम, वस्ती पुरे.

पंधरा-वीस बोलणी झाली की डावी पानं वाचत बसा आणि कुठे अडतंय त्याप्रमाणे खुणा करा: माहिती, निकालाची भीती, लाज, घरची परवानगी, पैसा आणि मजुरी, आधीचा वाईट अनुभव. एकाच बाईला तीन खुणा लागतील, लागू द्या. त्यानंतर आशाताई आणि डॉक्टरांसोबत बसून विचारा, की यातलं या महिन्यात आपल्या हातात काय आहे? कडी बसवणं आहे. तपासणीची वेळ बदलणं आहे. सासू आणि सून दोघींना एकत्र बोलावणं आहे, कारण सासूची तपासणी आधी झाली की सुनेला विचारावं लागत नाही. बरी झालेली एखादी बाई घरात बसून एकीशी बोलायला तयार असेल, तर तीही मोठी मदत. तिला व्यासपीठावर उभं करायचा आग्रह धरू नका आणि तिच्या संमतीवाचून तिचा आजार कुणापुढे उच्चारू नका.

बार्शीच्या त्याच हॉस्पिटलाने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली, ती बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांसाठी. रुग्ण दवाखान्यात येतील तेव्हा नोंदू म्हणून बसलं असतं तर खेड्यातले निम्मे रुग्ण कागदावर आलेच नसते. म्हणून त्यांची माणसं गावोगाव फिरली, लोकांशी बोलली, लक्षणं सांगत आणि विचारत गेली. पुढच्या काही वर्षांत आधीच्या टप्प्यात सापडणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलं. विचारायला येणारं माणूस हेच त्या गावांतलं आरोग्य शिक्षण होतं. तुम्हीही ज्या घरात विचारून आलात, त्या घरातून महिन्याभराने कुणीतरी तपासणीला येण्याची शक्यता वाढलेली असते. म्हणून कोणत्या घरी बोललात त्याची खूण आशाताईकडे राहू द्या, उत्तरं मात्र नको.

शिबिर झालं की एक काम उरतं आणि ते फार वेळा राहून जातं. तपासलेल्या प्रत्येकीला निकाल कळवायचा, चांगला असला तरी. काही नाही निघालं म्हणून आपण कळवत नाही आणि बाई वर्षभर झोपेविना राहते, किंवा तपासणी नुसती नावाला होती असं शेजारणीला सांगते. निकाल कागदावर द्या, वाचता येत नसेल तर तिच्या विश्वासातल्या माणसासमोर वाचून दाखवा आणि पुढची तपासणी पाच वर्षांनी कधी येईल ते साल त्याच कागदावर लिहा. फोनवर "पॉझिटिव्ह" हा शब्द कधी वापरू नका, लोक त्याचा अर्थ एचआयव्ही असा घेतात. ज्यांना पुढे पाठवायचंय त्यांच्यासोबत पहिल्या खेपेला आशाताई गेलीच पाहिजे, तिच्या प्रवासखर्चाची तरतूद शिबिराच्या अर्जातच करून ठेवा. आणि जी बाई "नको" म्हणाली होती तिच्या घरी सहा महिन्यांनी पुन्हा जा. काय बदललं ते विचारा, आणि डाव्या पानावर तिचेच शब्द लिहा.